बाकीचे चमचे

३ फेब्रुवारी

ती. काका,
सप्रेम नमस्कार.

पत्र हातानेच लिहिते आहे, बघा. मेल केला असता तर एक प्रत तुमच्याकडे गेली असती आणि एक माझ्याकडे राहिली असती. ‘एक गोष्ट, एक जागा’ हा आपल्या घरचा नियम मोडला असता. पत्र टपालपेटीत टाकलं की ते फक्त तुमचं. माझ्याकडे काहीच उरत नाही, त्यामुळे मी नेमकं काय लिहिलं होतं या विचाराने पुढचे दोन-तीन दिवस माझा जीव टांगणीला लागतो. पण नियम तो नियम.

खोली मिळाली. खाली इस्त्रीचं दुकान आहे, त्यामुळे जमीन दिवसभर कोमट असते. मालकीणबाई म्हणाल्या, थंडीत हीटर लागत नाही. उन्हाळ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. नंतर सुचलं.

ऑफिस म्हणजे एक लांबट हॉल आणि न उघडणारी एक खिडकी. आम्हाला एका बस कंपनीचं काम मिळालंय. लोक बसमध्ये वस्तू विसरतात, त्या डेपोच्या मागच्या एका मोठ्या खोलीत जमा होतात. तिला सगळे ‘कोठी’ म्हणतात आणि ती सांभाळणाऱ्या बाईंना कोठीबाई. वस्तू आली की तिची नोंद करायची, मालक विचारत आला की शोधून द्यायची, एवढा प्रोग्राम. त्याच्या डेटाबेसचं मुख्य टेबल, म्हणजे सगळ्या नोंदींचा तक्ता, माझ्याकडे दिलंय.

इथे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. कुठलाही प्रश्न नेला तरी ‘चालेल’ म्हणतात, म्हणून त्यांना सगळे चालेलराव म्हणतात. ते म्हणाले, येईल त्या वस्तूला एक नंबर देऊन टाक, सुटशील. मी तुमचंच वाक्य त्यांना ऐकवलं. छत्रीला ‘तू कोण’ असं विचारलं तर ती ‘मी चारशे सात’ असं सांगेल का? ती सांगेल, मी काळी, लाकडी मुठीची. वस्तूची ओळख तिच्या स्वतःच्या गुणांवरून व्हायला हवी, आणि सारखी नोंद दोनदा होता कामा नये. चालेलराव म्हणाले, ‘चालेल.’

बाबांच्या बदल्यांमुळे माझ्या शाळा सुटायच्या आणि मी तुमच्या जेवणाच्या टेबलावर शिकायचे, तेव्हाचा एक धडा आठवतो. तुम्ही सहा चमचे मांडून मला नोंद करायला सांगितली होती. मी सहा वेळा ‘चमचा’ लिहिलं. तुम्ही पाच खोडलेत आणि म्हणालात, ‘तेच तेच म्हणायला तू पोपट आहेस का?’ मी विचारलं, ‘मग बाकीचे चमचे कुठे गेले?’ तुम्ही म्हणालात, ‘धुवायला.’ काकू खूप हसली होती.

एप्रिल संपला की मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे साहेब ठरवणार आहेत. घरी पाठवलं तर बाबा एक शब्द बोलणार नाहीत. मला त्याचीच भीती आहे.

तुमची,
शंकेखोर


११ फेब्रुवारी

प्रिय शंकेखोर,

पत्र पोचलं. आता ते फक्त माझं आहे, तेव्हा त्यात काय लिहिलं होतंस हे विसरून जा आणि नीट जेवत जा.

चालेलरावांना माझा नमस्कार. असे सद्गृहस्थ प्रत्येक ऑफिसात असतात. गाडी हालली की ते खूश, मग ती उलटी का जाईना. मी जन्मभर कॉलेजात डेटाबेस शिकवला. माझे किती तरी विद्यार्थी आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत, आणि भेटले की म्हणतात, ‘सर, तुम्ही शिकवलेलं सगळं खरं होतं, पण आम्ही त्यातलं काही वापरलं नाही.’ तू माझी आशा आहेस. फार दडपण घेऊ नकोस. थोडं घे.

नंबराला बळी पडू नकोस. नंबर म्हणजे आळशी माणसाचं निरीक्षण. ज्या दोन वस्तूंमध्ये काहीच फरक सांगता येत नाही, त्या दोन नाहीतच. ती एकच वस्तू.

काका

ता. क. मी काकू. एक वस्तू, एक जागा हा नियम पाळणाऱ्या या घरात आज सकाळपासून कात्री सापडत नाहीये. यांचं म्हणणं, ती तिच्या जागीच आहे, आपल्याला जागा माहीत नाही एवढंच. माझ्याकडे दुसरी कात्री आहे. कुठे आहे ते विचारू नकोस, आणि यांना सांगू नकोस. हे पत्र पाकिटात मी भरते आहे.


२६ फेब्रुवारी

ती. काका,

तुमचा सल्ला हवा आहे, आणि जरा लवकर हवा आहे.

कोठीत प्रोग्राम सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात काळी, लाकडी मुठीची दुसरी छत्री आली. मशीन म्हणालं, ‘ही वस्तू आधीच नोंदलेली आहे.’ कोठीबाईंनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, मग ‘खूण’ या रकान्यात त्यांनी लिहिलं: उदास. मशीनने छत्री घेतली. तिसरी आली, ती ‘कमी उदास’. आता त्यांना आणि त्यांच्या मदतनीस बाईंना याची गोडीच लागली आहे. काल मी जाऊन पाहिलं. एका छत्रीपुढे लिहिलंय, ‘हिच्यावर विश्वास ठेवू नका.’ एका हातमोज्यापुढे, ‘डावा, एकटा, वाट बघतोय.’ स्टीलच्या डब्यापुढे, ‘माहेरून आलेला दिसतो.’

साहेबांनी हे ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले. मीही हसले, मग जागेवर जाऊन बसले आणि हसायला नको होतं असं वाटत राहिलं. चालेलराव जाता जाता म्हणाले, ‘नंबर दे गं पोरी. छत्रीच्या मनात शिरून कुठवर पोचणार?’

काका, नंबर देऊ का? तुम्ही हो म्हणालात तरच देईन.

पुढच्या महिन्यात तुमच्या मित्राच्या सत्काराला तुम्ही दोघं इथे येणार ना? मी तुम्हाला घ्यायला बसस्टँडवर येईन. खोलीत दोन खुर्च्या आणून ठेवल्यात.

शंकेखोर


४ मार्च

प्रिय शंकेखोर,

‘कमी उदास’ वाचून मी इतका हसलो की तुझी काकू पोळी उलथायची सोडून बघायला आली. कोठीबाई थोर आहेत. पण उदासपणा मोजता येत नाही. एकीला उदास वाटलेली छत्री दुसरीला नुसती ओली वाटेल. तेव्हा हा गुण बाद.

नंबराला मात्र माझी ना आहे. दोन छत्र्यांत फरक दिसत नसेल तर दोष छत्र्यांचा नाही, डोळ्यांचा आहे. नीट बघायला शिकव त्यांना. मनाला येईल ते लिहायची सोय बंद कर, म्हणजे वळण लागेल.

पंधरा तारखेला येतोय. खुर्च्या दोनच कशाला? तू काय उभी राहून शंका विचारणार?

काका

ता. क. हसताना यांचा चष्मा खाली पडला आणि दांडीचा स्क्रू गेला. मी काळ्या शिवणदोऱ्याने बांधून दिलाय. दुकानात टाका म्हटलं तर म्हणतात, तेवढे दिवस घालू काय? एक माणूस, एक चष्मा. काकू.


२० मार्च

ती. काका आणि काकू,

तुम्ही गेल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली. काकू, तू इस्त्रीवाल्यांना सांगून खालची भट्टी माझ्या खोलीखालून सरकवून घेतलीस, ते मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी सांगवलं नसतं.

काका, तुमची आणि चालेलरावांची स्टँडवरच्या खानावळीत भेट करून दिली खरी. तुम्ही भांडाल या धास्तीने मी न जेवताच ताट पुढे सरकवलं, आणि तुम्ही दोघांनी एकमेकांशी वाद घालत माझ्या वाटणीचंही संपवलंत. ते आता म्हणतात, ‘तुझे काका बरोबर आहेत, पण माणूस चांगला आहे.’ याचा अर्थ काय ते मी विचारलं नाही.

आणि एक चांगली बातमी. तुम्ही सांगितलंत तसं मी ‘खूण’ हा लिहायचा रकानाच काढून टाकला. आता रंग, आकार, कशाची बनली आहे, सगळं ठरलेल्या पर्यायांतून निवडायचं. उदास नाही, माहेर नाही. टेबल आता आरशासारखं स्वच्छ आहे. एक वस्तू, एक ओळ. कोठीतून तेव्हापासून एकही तक्रार आली नाही. साहेब काल पहिल्यांदा ‘ठीक’ म्हणाले.

मी दोनदा खात्री करून घेतली. ते मलाच म्हणाले होते.

शंकेखोर


२ एप्रिल

प्रिय शं,

सगळं ठीक. ‘ठीक’ ऐकून आनंद झाला.

तुझं टेबल उत्तम आहे. त्यात काही बदलू नकोस. निदान या महिन्यात नको.

बाकी क्षेम. जास्त लिहीत नाही.

काका


८ एप्रिल

प्रिय काकू,

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावाने पाठवते आहे. काका माझ्यावर रागावलेत का?

त्यांचं पत्र आलं. एवढंसं पत्र, आणि त्याला चार कागद. एकेक अक्षर बोराएवढं. ओळी डोंगर चढाव्यात तशा वर गेलेल्या. पाकिटावरचा पत्ता इतका मोठा की तिकीट मागच्या बाजूला लावलंय. ‘शंकेखोर’ हे पूर्ण लिहिण्याचेही कष्ट घेतले नाहीत. माझी थट्टा नाही, चालेलरावांची नाही, आणि तुझा ताजा कलमही नाही. एवढं मोठं अक्षर माणूस ओरडतानाच काढतो.

मी काय केलं असेल ते आठवून पाहिलं. स्टँडवर मी चालेलरावांच्या एका वाक्यावर मान हलवली होती. ती होकाराची नव्हती, काकू, मान अवघडली होती. किंवा मी ताट पुढे सरकवलं ते त्यांना लागलं असेल. का ते आजारी आहेत आणि मला सांगत नाही आहात?

महिनाअखेर जवळ आली आहे. कामात लक्ष लागत नाही. जे असेल ते लिही.

तुझी,
शंकेखोर


१३ एप्रिल

चि. बाळ,

कोणी रागावलेलं नाही आणि कोणी आजारी नाही. मी बहिणीकडे गेले होते, म्हणून ताजा कलम राहिला. परत येऊन बघते तर हे महाशय दाराच्या कडीऐवजी बिजागरीशी झटापट करत होते.

तुला सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय. मी काही सांगत नाहीये, आपली लिहिते आहे.

तुझ्याकडून परत येताना यांचा चष्मा बसमध्ये राहिला. जन्मभर ‘वस्तू जागेवर ठेवणाऱ्याची हरवत नाही’ म्हणणारा माणूस, तुला कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांनी गुपचूप कोठीला कळवलं. चष्मा, गोल भिंग, काळी कड, दांडीला दोरा. आठवड्यात पार्सल आलं. गोल भिंग, काळी कड. पण चष्मा यांचा नाही.

मी म्हटलं, दोरा कुठाय? म्हणाले, गळला असेल. मी म्हटलं, मग स्क्रू कुठून उगवला? म्हणाले, वाटेत लागला असेल. त्या चष्म्यातून कागद नाकाला टेकवला तरच अक्षर दिसतं, आणि नाकाला टेकवला की लिहायला हाताला जागा उरत नाही. म्हणून तुला बोराएवढी अक्षरं आली. काल यांनी कुंडी समजून छत्र्यांच्या स्टँडला पाणी घातलं. शेजारीण विचारत होती, भाऊजी हल्ली आमच्या मांजराला नमस्कार का करतात?

परत पाठवा म्हटलं, दुसरा करून आणते म्हटलं, ऐकत नाहीत. शेवटी काल जेवताना बोलले. ‘तक्रार गेली तर तिच्या टेबलाची जाईल. हा तिचा महिना आहे. महिना संपेपर्यंत हाच माझा चष्मा. आणि तिच्या टेबलाप्रमाणे दोन्ही चष्म्यांत फरक नाहीच, म्हणजे हा माझाच झाला की.’

हसू नये असं ठरवून मी हे लिहिते आहे. तू पण ठरव. पुढे काय करायचं ते तुझं तू बघ, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

काकू


२२ एप्रिल

ती. काका,

काकूने मला काहीही सांगितलेलं नाही. तिने लिहिलंय.

पत्र वाचून मी तशीच कोठीत गेले. मला वाटलं होतं, तक्रार नाही म्हणजे सगळं सुरळीत आहे. कोठीबाई म्हणाल्या, ‘तक्रार कशाला करायची? मशीन म्हणतं वस्तू आधीच आहे, मग आम्ही दुसरी पहिलीच्याच खोक्यात टाकतो.’ त्यांनी खोकी उघडून दाखवली. माझ्या स्वच्छ टेबलातल्या ‘छत्री, काळी, लाकडी मूठ’ या एका ओळीमागे छत्र्यांची मोळी बांधलेली होती. कोणी मालक आला की वरची काढून द्यायची. बहुतेक जण घेऊन जातात म्हणे. छत्रीचं काय, डोक्यावर धरली की आपलीच. पण चष्म्यांचंही तसंच चाललं होतं.

‘चष्मा, गोल, काळी कड’ या ओळीमागे दोन होते. वरचा आधीच एक जण घेऊन गेले होते. खालचा तुमच्या पत्राला उत्तर म्हणून गेला.

तो वरचा नेणाऱ्यांचा पत्ता कोठीबाईंकडे होता. ते घड्याळजी आहेत. जिन्याखालचं छोटंसं दुकान, भिंतीभर घड्याळं आणि प्रत्येकात वेगळी वेळ. काका, ते गेले काही आठवडे एकही घड्याळ दुरुस्त करू शकलेले नाहीत. त्यांना वाटलं, आपली नजर गेली. गिऱ्हाइकांना कामं परत करत होते. दुकान कोणाला द्यावं याची मुलीशी बोलणी चालली होती. टेबलावर तुमचा चष्मा होता, काकूच्या दोऱ्यासकट. मी विचारलं, दोरा पाहून तुम्हाला शंका नाही आली? ते म्हणाले, ‘मला वाटलं कोठीतल्या बायकांनी मायेने बांधलाय.’

मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावतील म्हणून मी दाराजवळच उभी होते. ते म्हणाले, ‘म्हणजे नजर आहे?’ आणि उठून भिंतीवरच्या एका घड्याळाला किल्ली द्यायला लागले. मला बाहेर येऊन थोडं थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. चूक कुठे झाली, कोणाची झाली, सगळं लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. तुमचं नाव घातलं नाही. टेबल माझं आहे. चालेलराव शेजारीच बसले होते. त्यांनी कागद वाचला, आणि मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, ‘हे नाही चालणार.’ मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि आम्ही दोघांनी मिळून कोठीतल्या प्रत्येक वस्तूला नंबराची चिठ्ठी बांधायचं ठरवलं. मी नंबर दिला, काका. तुम्हाला न विचारता दिला.

साहेब म्हणाले, निर्णय सोमवारी. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

चष्मा सोबत पाठवते आहे. तुमच्याकडचा उलट टपालाने घड्याळजींना पाठवा. भिंतीवरची सगळी घड्याळं खोळंबली आहेत.

शंकेखोर


२७ एप्रिल

प्रिय शंकेखोर,

अक्षर बघ. मुंगीसारखं आलंय. सवय गेली होती, पहिली ओळ लिहून मीच भिंग शोधायला निघालो, मग आठवलं की नाकावर आहे.

घड्याळजींचा चष्मा त्याच दिवशी रवाना केला. सोबत दोन ओळी लिहिल्या. त्यांच्या भिंगातून मी आमच्या भिंतीवरच्या पालीचं बुबुळ पाहिलंय. त्या माणसाला कसलं जग दिसत असेल याचा मला हेवा वाटतो. शेजारच्या मांजराला नमस्कार घालणं मात्र मी बंद करणार नाही. एकदा ओळख झाली ती झाली.

आता नंबराचं. तू कान पाडून बसली असशील, म्हणून आधीच सांगतो. चष्म्याबरोबर तुझी चिठ्ठीही आली, दांडीला बांधलेली, दोऱ्याशेजारी. ती मी दिवसभर बघत होतो. वहीतल्या वहीत दिलेला नंबर हा माणसाचा आळस, यावर मी ठाम आहे. पण जो नंबर वस्तूच्या अंगाला बांधला, तो तिचा गुण झाला. काळ्या रंगासारखाच. आता छत्रीला ‘तू कोण’ विचारलं तर ती खुशाल म्हणेल, ‘मी चारशे सात.’ वाचता येतंय ना, मग झालं. चालेलरावांना हे सांगू नकोस. डोक्यावर बसतील.

आणि दुसरं. आपण दोघं वस्तूंची नोंद करत बसलो. कोठीत वस्तू येतच नाहीत गं. तिथे येतं ते कोणाचं तरी काहीतरी हरवणं, आणि कोणाला तरी ते सापडणं. छत्र्या हुबेहूब असतील. हरवणं प्रत्येकाचं वेगळं असतं. कोणत्या बसमध्ये, कोणत्या दिवशी, कोणत्या सीटवर, हे कुठे होतं तुझ्या टेबलात? सिद्धांत बरोबरच होता. आपण त्याला प्रश्न चुकीचा विचारला. ‘खूण’ काढून टाक असं सांगणारा शहाणा कोण होता, ते मला आठवत नाही.

त्या सहा चमच्यांचा तुझा प्रश्न मात्र आठवतो. तेव्हा मी ‘धुवायला’ म्हणालो होतो. बाकीचे चमचे टेबलावरच होते, शंकेखोर. तू त्यांच्याकडे बघत होतीस. मी कागदाकडे बघत होतो.

सोमवारी काय होतं ते कळव. काहीही झालं तरी इथे दोन खुर्च्या आहेत, आणि तू उभी राहिलेली मला चालणार नाही.

काका


४ मे

ती. काका आणि काकू,

साहेबांनी मला बोलावलं तेव्हा मी टेबलावरचं सामान आधीच पिशवीत भरून ठेवलं होतं. काढून टाकल्यावर भरायला लागलं तर सगळे बघतील, म्हणून.

साहेब म्हणाले, ‘या सगळ्या प्रकरणात आमच्याकडे एकच तक्रार आली. ती तुझ्याविरुद्ध होती, आणि तूच केलेली. तुला काढलं तर पुढची तक्रार कोण करणार?’ मग त्यांनी पिशवीकडे बघून विचारलं, कुठे निघालीस का?

मी कायम झाले. अट एकच, दर आठवड्याला एक दिवस कोठीत जाऊन बसायचं. काल पहिला दिवस होता. दोरे बांधून बोटं दुखतात. कोणत्या बसमध्ये, कोणत्या दिवशी, हे नवे रकाने घातले. चालेलरावांनी विचारलं, ही युक्ती कोणाची? मी म्हटलं, जो माणूस बरोबर आहे पण चांगला आहे, त्याची. ते म्हणाले, ‘चालेल.’

‘खूण’ हा रकाना परत आणलाय. कोठीबाईंची तीच एक मागणी होती. नंबर आहे, तेव्हा आता त्याची गरज नाही असं मी त्यांना समजावून पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘गरज नाही म्हणूनच लिहायला मजा येते.’ संध्याकाळी एक बाई छत्री शोधत आल्या. नंबर त्यांना माहीत नव्हता, बस आठवत नव्हती. कोठीबाईंनी स्क्रीनवरून वाचायला सुरुवात केली. ‘उदास’वर बाई म्हणाल्या, नाही. ‘हिच्यावर विश्वास ठेवू नका’ ऐकल्याबरोबर हात पुढे करून म्हणाल्या, ‘माझीच. वारा आला की उलटी होते.’

आणि झाली. त्यांनी उघडून दाखवली.

बाबांना फोन केला. ते काही बोलले नाहीत, पण या वेळी ते वेगळं होतं.

शंकेखोर


१० मे

चि. बाळ,

तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचलं, मग स्वतःशी वाचलं, आता उशीखाली आहे. एक गोष्ट, एक जागा.

चष्म्याची चिठ्ठी काढू देत नाहीत. काल बाजारात एकाने विचारलं, भाव किती? हे म्हणाले, ‘हा भाव नाही, नाव आहे.’ तो माणूस अजून विचार करतोय.

मी यांच्या भिंगांचा नंबर सांगून चष्म्याच्या दुकानातून दुसरा चष्मा करून आणलाय. हुबेहूब. कुठे ठेवलाय ते यांना माहीत नाही, आणि तुलाही सांगणार नाही. त्याची नोंद एकाच जागी आहे, माझ्या डोक्यात. तिथे माझ्याशिवाय कोणाचा हात जात नाही.

तुझ्यासाठी चमचे पाठवते आहे, सहाच्या सहा. मोजून घे.

काकू